वॉर्सेस्टर, ग्लाऊसेस्टर आणि बाबांचा रुसवा

क्राइस्टचर्चला शिकायला आले तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती बसच्या ड्रायव्हरची. माणूस बिचारा सज्जन असायचा, 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून हसायचा. पण त्याला कुठे जायचंय ते सांगावं लागायचं आणि तिथे माझ्या तोंडचं पाणी पळायचं. 'ही बस वॉर्सेस्टर स्ट्रीटला जाते का' असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यानं दोनदा 'सॉरी?' केलं. तिसऱ्यांदा माझा आवाज इतका बारीक झाला की मलाच ऐकू येईना. शेवटी मागच्या बाईनं मध्यस्थी केली, 'वूस्टर, वूस्टर म्हणायचंय तिला.' त्यानंतर कितीतरी दिवस मी राहायचे त्या रिकार्टनहून गावात चालत जायचे, आणि आईला फोनवर सांगायचे की इथली हवा फार छान आहे, चालायला बरं वाटतं.

या गावाच्या मधल्या रस्त्यांना विलायतेतल्या आणि आयर्लंडमधल्या जुन्या गावांची नावं दिलेली आहेत. ती लिहायची एक आणि म्हणायची भलतीच. ग्लाऊसेस्टर दिसतं ते ग्लॉस्टर, वॉर्सेस्टर ते वूस्टर, तुआम दिसतं ते चूअम, आणि आर्माघ दिसतं ते आर्मा, शेवटचा 'घ' नुसता शोभेला. माओरी नावं मात्र आपल्याला सोपी जातात, कारण लिहिलंय तसं वाचलं की झालं. तिथे गोरे अडखळतात. मी लोकांच्या मागे उभी राहून, कान देऊन, एकेक नाव शिकले. आता मला कुणी 'सॉरी?' करत नाही. तरी अजून नवं नाव समोर आलं की मी आधी दुसऱ्या कुणाला तरी बोलू देते. भीती गेली असं मी लोकांना सांगते, ते खरं नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, नेमके उलटे. पुण्याच्या एका शाळेत त्यांनी उभी हयात भूगोल शिकवला. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे बोलावून घेतलं, आणि विमानतळावरून बाहेर पडताच त्यांनी पाट्या वाचायला सुरुवात केली. पुण्याचा माणूस पाटी वाचतोच, आणि बाबा ती मोठ्यानं वाचत. गाडीत पुढच्या सीटवर बसायचं, पट्टा लावायचा, आणि घर सोडल्यापासून पोचेपर्यंत डावीकडची एक आणि उजवीकडची एक अशी प्रत्येक पाटी शाळेत हजेरी घेतल्यासारखी म्हणायची. सगळी अक्षरं स्पष्ट, एकही गिळायचं नाही. मी एकदा भीत भीत म्हटलं, बाबा, इथे याला ग्लॉस्टर म्हणतात. त्यावर ते म्हणाले, "अक्षरं गिळायचीच होती तर लिहिली कशाला? रंग फुकट येतो का?"

मद्रास स्ट्रीट हा तर त्यांचा जीव की प्राण. क्राइस्टचर्चच्या मधोमध मद्रास नावाचा रस्ता आहे याचा त्यांना पहिल्या दिवशी झालेला आनंद शेवटपर्यंत ओसरला नाही. तिथे वळलो की ते म्हणत, हे आलं आपलं मद्रास, आणि लगेच इथले लोक त्याचं 'मड्रॅस' करतात यावर तोंडसुख घेत. ज्यांच्याकडून नाव उचललं त्यांना विचारायची तरी रीत, असं त्यांचं म्हणणं. दर खेपेला तेच वाक्य, तोच सूर. मी आरशात बघून डोळे फिरवायचे आणि मागे बसलेली माझी लेक खिदळायची.

आम्ही राहतो त्या उपनगराच्या नावावरून तर इथल्याच लोकांचं आपापसात जमत नाही. नव्या वसाहतीतले आम्ही सगळे हॉल्सवेल म्हणतो. कुंपणापलीकडचे म्हातारबुवा मात्र हॉझवेल म्हणतात. ते इथेच जन्मले, एकटेच असतात, कोंबड्या पाळतात. त्यांची बोली इतकी तोंडातल्या तोंडात की मी त्यांच्याशी फोनवर बोलणं टाळायचे, कचऱ्याच्या डब्यांचं वगैरे काही असलं तर मेसेज करायचे. बाबांना असली भीती नव्हती. कुंपणाशी उभे राहून ते म्हातारबुवांना हॉल्सवेलमधला 'ल' परत आणायला सांगत, आणि म्हातारबुवा पुण्याला 'प्यून' म्हणत. आमच्या खिडकीतून हे संभाषण ऐकू आलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग तो शुक्रवार आला. नवरा कामासाठी हॅमिल्टनला गेला होता. लेकीच्या दोन मैत्रिणी संध्याकाळी जेवायला होत्या. पावभाजी चालली होती, बाबा खुशीत होते आणि पाहुण्या मुलींना आपण गावात काय काय पाहिलं ते इंग्रजीत सांगत होते. ग्लाऊसेस्टर स्ट्रीटवरची लायब्ररी, असं ते म्हणाले तेव्हा एक मुलगी फिस्सकन हसली. दुसरीही हसली. लेकीचा चेहरा लाल झाला. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती इंग्रजीच. ती म्हणाली, "आजोबा, इट्स ग्लॉस्टर. प्लीज. एव्हरीवन इज लाफिंग."

बाबांनी हातातला पाव ताटात ठेवला, हात धुतले आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

आमच्या घरात रुसव्याचे नियम ठरलेले आहेत. सासूबाईंनी ते मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवले. रुसलेल्या माणसाला काय झालं असं विचारायचं नाही. समजूत घालायला जायचं नाही, कारण त्यानं रुसवा आणखी पिकतो. खाणंपिणं वेळच्या वेळी समोर ठेवायचं, काही न बोलता ठेवायचं आणि निघून यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस आपसूक बाहेर येतो आणि पेपर कुठाय असं विचारतो. आपणही काही घडलंच नाही असं दाखवायचं. सासूबाईंचा संसार याच्यावर सुखाचा झाला, माझाही बरा चाललाय. त्यामुळे त्या रात्री मी दार वाजवलं नाही. लेक जाऊ बघत होती, तिला मीच हातानं थांबवलं.

शनिवारी सकाळी मैत्रिणीची आई येऊन लेकीला नेटबॉलला घेऊन गेली. मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर बाबा टेबलाशी बसलेले होते, कपडे करून, बूट घालून. दर शनिवारी मी त्यांना लायब्ररीत सोडते, म्हणजे ते तयार होते, म्हणजे रुसवा उतरायला लागला होता. मी बोलले नाही. चहा ठेवला, शेजारी दोन खाऱ्या ठेवल्या. त्यांनी डाव्या हातानं कप उचलला, अर्धा चहा प्याले, थोडा बशीबाहेर सांडला. खारीला हात लावला नाही. मी मनात म्हटलं, अजून आहे वाटतं थोडासा.

गाडीत बसताना त्यांना पट्टा जमेना. डाव्या हातानं ओढत होते, तो मध्येच अडकत होता. मी वाकून लावून दिला. एरवी त्यांनी हात झटकला असता, मी काय लहान आहे का म्हणून. त्या दिवशी लावू दिला. मला थोडं बरंच वाटलं त्याचं, खोटं कशाला बोलू.

निघालो. हॉल्सवेल रोडवरच्या पाट्या गेल्या, बाबा गप्प. लिंकन रोड गेला, बाबा गप्प. किती शांत वाटतंय, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं. मोठा रस्ता सोडून मी डावीकडे वळले आणि मद्रास स्ट्रीट लागला. मी वाट पाहिली. रुसवा कितीही मोठा असो, मद्रासला काही ते गप्प बसणार नाहीत असं मला वाटत होतं. निदान घसा तरी खाकरतील. पाटी आली आणि गेली. बाबांनी त्या बाजूला बघितलं, मला दिसलं, पण शब्द काढला नाही.

तिथे पहिल्यांदा मला ते गप्प बसणं खटकलं. मी स्वतःला समजावलं, अगं, मनाला लागलंय त्यांच्या. परक्या पोरींसमोर पाणउतारा झालाय. नातीनं केलाय. आयुष्यभर ज्या माणसानं नकाशावर काठी ठेवून नावं म्हणून घेतली त्याला नावंच म्हणता येत नाहीत असं सांगितलंय. लागणारच. तुआम गेलं. लिचफिल्ड गेलं. हेरेफोर्ड गेलं. प्रत्येक पाटीपाशी मी कान टवकारत होते. घड्याळाची टिकटिक बंद पडली की मगच ती ऐकू येत होती हे कळतं, तसं झालं.

पुढच्या सिग्नलला लाल लागला. समोर वॉर्सेस्टर स्ट्रीटची पाटी होती. मी ठरवलं, रुसव्याचा नियम गेला खड्ड्यात, यांना डिवचायचं. आणि मोठ्यानं, अगदी इथल्या लोकांसारखं, म्हटलं, "बाबा, वूस्टर आलं."

जगातला कुठलाही रुसवा यानं मोडला असता. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना बोलायचं होतं. तोंड उघडलं, ओठ हलले, आणि 'ब… ब…' असा एक आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती. मी त्यांना रागावलेलं पाहिलंय, सासूबाई गेल्या तेव्हा रडताना पाहिलंय, घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, बाबा, दोन्ही हात वर करा. डावा हात वर आला. उजवा मांडीवर पडून राहिला, आणि ते त्याच्याकडे बघत राहिले.

सिग्नल हिरवा झालेला मला कळला नाही, मागून कुणीतरी हॉर्न दिला तेव्हा कळला. अँब्युलन्स बोलवायला हवी होती हे मला नंतर दहा जणांनी सांगितलं. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की हॉस्पिटल जवळ आहे, मोठ्या बागेच्या कडेला, आणि तिथे पोचायचं. वाटेत मी काय बोलत होते आठवत नाही.

हॉस्पिटलात वेळ लावला नाही कुणी. दारातच एक नर्स आली, तिनं बाबांचा चेहरा बघितला आणि खुर्ची आणायला सांगितली. मग ढकलगाडी, मग पडदा, मग डोक्याचा फोटो काढायला घेऊन गेले आणि परत आणलं. एक तरुण डॉक्टरीण माझ्यासमोर बसली. मेंदूच्या एका नळीत गुठळी अडकली आहे, ती विरघळवायचं औषध आहे, असं तिनं सांगितलं. पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. उशीर झाला असेल तर त्याच औषधानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सुरुवात कधी झाली हे नक्की कुणाला माहीत नसेल, तर माणूस शेवटचा ठीक दिसला त्या वेळेपासून तास मोजायचे. म्हणून तिनं विचारलं, हे शेवटचं नीट कधी बोलले?

मी आजची सकाळ, कालची रात्र आठवायला लागले.

सकाळी तुम्ही यांना पाहिलंत ना, तिनं विचारलं. पाहिलं. काही बोलले? नाही. तुम्ही काही विचारलंत? नाही. रात्री झोपताना? नाही. तिला वाटलं मला इंग्रजी कळत नाहीये, म्हणून तिनं तेच सावकाश पुन्हा विचारलं. रुसवा कसा सांगायचा हिला? इंग्रजीत त्याला जो शब्द आहे तो लहान पोरांसाठी आहे. ते आमच्यावर नाराज होते, मी म्हटलं, आणि आमच्या घरात अशा वेळी आम्ही बोलत नाही. कोणीच? तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. कोणीच नाही, मी म्हटलं, ती माणसाला मान द्यायची पद्धत आहे. म्हणतानाच ते वाक्य किती भयंकर आहे ते मला ऐकू आलं.

म्हणजे काल संध्याकाळपासून, ती म्हणाली, आणि बाजूच्या डॉक्टरकडे पाहिलं. त्या एका नजरेत मला सगळं कळलं. कालच्या जेवणापासून मोजलं तर वेळ टळून गेली होती. औषध देता येणार नव्हतं.

खोटं बोलावं, असं माझ्या मनात आलं. आत्ता आठवलं, सकाळी चहा घेताना बोलले, असं म्हणायचं. एक वाक्य. पण रात्रीच झालं असलं तर? बिछान्यात पडल्या पडल्या, अंधारात, हाक मारता येत नसताना झालं असलं तर? मग माझ्या त्या एका वाक्यानं त्यांच्या डोक्यात रक्त पसरलं असतं. आणि खरं बोलून गप्प राहावं, तर आयुष्यभर हा माणूस 'ब… ब…' करत बसणार होता. इतकी भीती मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती, तेव्हा कळलं की बसच्या ड्रायव्हरला घाबरणं म्हणजे चैन होती.

नवऱ्याला फोन लावला. तो पहिल्यांदा नुसता ऐकत राहिला, मग म्हणाला, "अगं, पण रात्री तू एकदा तरी विचारलं असशील ना?" मी म्हटलं, तू असतास तर विचारलं असतंस? त्याच आईच्या हाताखाली वाढलेला तो. मिळेल त्या विमानानं येतो, म्हणाला. लेकीला नेटबॉलवर फोन केला. ती रडायला लागली. तिनंही गुड नाइट म्हटलं नव्हतं, कारण मी थांबवलं होतं.

मी परत पडद्याआड गेले. नर्स बाबांचे कपडे उतरवून हॉस्पिटलचा झगा घालत होती. तिनं पँटचे खिसे रिकामे करून त्यातल्या वस्तू एका पिशवीत ठेवायला घेतल्या. रुमाल, चष्म्याचं कापड, आणि एक लिंबू. पिवळंधमक, देठाला हिरवं पान असलेलं, ताजं लिंबू. लिंबांचं झाड आमच्याकडे नाही. ते आहे कुंपणापलीकडे, म्हातारबुवांच्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. आणि ती पँट मी आदल्या दिवशी स्वतः धुतली होती. रात्रभर ती हीटरसमोर वाळत होती आणि सकाळी मीच घडी करून बाबांच्या दारासमोर ठेवली होती. म्हणजे आंघोळीला गेले तेवढ्यात बाबा पलीकडे जाऊन आले होते.

म्हातारबुवांचा नंबर काढताना बोट दोनदा चुकलं. त्यांनी फोन उचलला तेव्हा मी एका दमात विचारलं, आज सकाळी माझे सासरे तुमच्याकडे आले होते का, आणि बोलले का, नीट बोलले का. पलीकडून नुसता कोंबड्यांचा आवाज आला. माझं बोलणं त्यांना कळलं नाही की त्यांचं मला कळणार नाही, या विचारानं मी फोन कानाला आणखी दाबला. मग ते म्हणाले, हो तर, आला होता की, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या भाषेत अगदी ठणठणीत. रेडिओवर आठच्या बातम्या लागल्या होत्या, कोंबड्यांना दाणे घालत होतो. नेहमीसारखी नावं म्हणत बसलो.

कसली नावं, मी विचारलं.

तेव्हा कळलं. बाबा बरेच दिवस रोज सकाळी, आम्ही उठायच्या आधी, कुंपणाचं फाटक उघडून त्यांच्याकडे जात होते. म्हातारबुवा एकेक नाव म्हणायचे आणि बाबा त्यांच्यामागे म्हणायचे. ग्लॉस्टर. वूस्टर. चूअम. हॉझवेल. नातीला लाज वाटते असं बाबांनी त्यांना सांगितलं होतं, पण घरात कुणाला बोलू नका, असं बजावलं होतं. एकदम सगळी पक्की झाली की मगच गाडीत म्हणून दाखवायची होती. त्या बदल्यात म्हातारबुवा पुणे म्हणायला शिकत होते. आज तर त्यानं ग्लॉस्टर अगदी माझ्यासारखं म्हटलं, ते म्हणाले, आणि लिंबू घेऊन गेला. त्याला काय झालंय?

मी फोन डॉक्टरणीच्या हातात दिला. तिनं त्यांना तीनचार प्रश्न विचारले, शब्द स्पष्ट होते का, चाल सरळ होती का, लिंबू कोणत्या हातानं तोडलं. मग घड्याळाकडे बघितलं आणि उठली. अजून वेळ होती. तिनं मला पुन्हा एकदा सगळे धोके सांगितले, मी मान हलवली, आणि बाबांच्या हातातल्या सुईला ती बारीक नळी जोडली.

त्यानंतरची दुपार मला नको वाटते आठवायला. औषध जात होतं आणि कुणीतरी सारखं येऊन त्यांना हात उचलायला, बोटं मोजायला, हसायला सांगत होतं. काही बदल दिसला की भीती वाटायची, दिसला नाही तरी वाटायची. रक्तस्राव झाला तर तो पहिल्या काही तासांतच, हे डॉक्टरीण बोलून गेली होती, आणि त्यांनी डोळे मिटले की मी नर्सला बोलवायचे. ती दर वेळी न चिडता यायची. शेवटी तिनंच मला काम दिलं. त्यांच्याशी तुमच्या भाषेत बोलत राहा, म्हणाली, उत्तराची वाट बघू नका.

मग मी बोलत सुटले. बोलायला काय, काहीही. नवरा विमानात बसलाय. लेक मैत्रिणीकडे आहे, जेवलीय. फ्रिजमधली पावभाजी संपवायला हवी. तुमच्या बुटांना चिखल लागलाय, तो मी पुसून ठेवलाय. म्हातारबुवांचा दोनदा फोन येऊन गेला, बाबा, ते पुणे म्हणाले, नीट म्हणाले, 'ण'सुद्धा जवळजवळ आला. तुम्ही रुसला नव्हता ना? रुसला असलात तरी चालेल. आता आपल्या घरात रुसायला बंदी आहे, मी सांगून ठेवते, आणि रुसलंच कोणी तर मी दार तोडून आत येऊन विचारणार आहे, तुम्हाला आवडो न आवडो. सासूबाईंचीही शपथ घालणार आहे. मला स्वतःचं बोलणं थांबवता येत नव्हतं, कारण थांबले की ती शांतता येऊन बसायची, सकाळच्या गाडीतली.

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली, दोन्ही बाजूंना सारखी. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मी वाकले. पुन्हा तोच 'ब' येणार असं मला वाटलं.

"गप," ते म्हणाले.

स्पष्ट. दोन्ही अक्षरं. एकही गिळलेलं नाही.

मी पडदा सारून नर्सला हाक मारली. ते काय म्हणाले असं तिनं विचारलं तर मला आधी रडू आलं, मग हसू, आणि मग मी तिला सांगितलं की ते मला तोंड बंद ठेव म्हणाले. ती पण हसली आणि डॉक्टरणीला बोलवायला धावली. बाबा माझ्याकडे रागानं बघत होते. मी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि बोलतच राहिले.